आईच्या मुंबईचं नळकांडं

माझ्या आईचं माहेर मुंबईचं होतं, आणि याबद्दल तिनं लोणावळ्याला कधीही माफ केलं नाही.

लग्न करून तिला इथं आणलं तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची होती. आजोबा रेल्वेत, वडील रेल्वेत. गाड्या येत, जात, आणि आम्ही जिथल्या तिथं. आईची वरात घाट चढून वर आली खरी, पण मन खालीच राहिलं. "हा काय बाजार? आमच्या भुलेश्वरात नुसत्या फुलांच्या गल्लीत याहून जास्त माणसं!" "ही काय मिठाई? दाताला चिकटते नुसती!" "हा काय रस्ता? याला गिरगावात बोळ म्हणतात!" फक्त 'हा काय पाऊस?' असं ती कधी म्हणाली नाही. त्या एका बाबतीत लोणावळ्यानं गिरगावला चीत केलं होतं.

पुढं वडील गेले. धाकटा भाऊ विनू रेल्वेच्याच नोकरीवर आफ्रिकेत मोंबाशाला गेला आणि तिकडचाच झाला. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले आणि मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. घरात आम्ही दोघीच. दोघींची कपाळं मोकळी, दोघींचे हात मोकळे. घरात बांगड्या वाजल्या की समजायचं, भागामावशी दूध घेऊन आल्या!

आमचं घर बंगल्यांच्या ओळीत शेवटचं. उन्हाळ्यात त्या ओळीत मुंबईची मंडळी यायची, पोरांचा कलकलाट असायचा, आई पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "मुंबईत कुठं राहता?" म्हणून विचारायची. पाऊस लागला की मंडळी जायची आणि मागं कुलपं राहायची. मग चार महिने धुकं, कुलपं आणि आम्ही. आई तरीही पायरीवर बसायची. विचारायला कोणी नसायचं, एवढंच.

आणि एका पावसाळ्यात तिची कटकट थांबली.

"आई, आजचा पाव काही खास नाही ना?" मी आपणहून विचारलं.

"बरा आहे."

बरा! लोणावळ्याचा पाव! मी हादरलेच. दुसऱ्या दिवशी मुद्दाम शिळी भाजी आणली. तीही बरी होती. ज्या मुंबईवर आई इतकी वर्षं जगली होती, ती तिच्या आतून हळूहळू निघून चालली होती, आणि मी आपली वह्या तपासत बसले होते.

मी मास्तरीण. मास्तरणीला काळजी वाटली की ती उपक्रम काढते. मी ठरवलं, आईच्या आठवणी तिच्याच आवाजात भरून घ्यायच्या आणि विनूला पाठवायच्या. मोंबाशाच्या त्याच्या मंडळींकडं फोनोग्राफ होता, हे त्यानं मागं कळवलं होतं. त्याला आईचा आवाज मिळेल, आईला बोलायला निमित्त मिळेल. शेजारच्या बंगल्यात तसलंच एक जुनं यंत्र पडून होतं. मेणाच्या नळकांड्यावर सुईनं आवाज कोरायचा, किल्ली द्यायची, वर पितळी कर्णा. बंगल्याचे शेटजी उन्हाळ्यात त्यात स्वतःचं गाणं भरून पाहुण्यांना ऐकवत. (पाहुणे सहसा दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत जात.) त्यांनी आनंदानं परवानगी दिली, आणि माळी ते यंत्र गोणपाटात गुंडाळून घेऊन आला.

"बाई, तीन नळकांडी हाईत कोरी," माळी म्हणाला. "पन आवाज भरायची डबीच घावली. ऐकायची डबी शेटजींसंगं मुंबईला गेली."

"म्हणजे भरलेलं ऐकता येणार नाही?"

"न्हाई."

"हरकत नाही," मी म्हणाले. "नीट भरलं तर ऐकून बघायची गरजच काय?"

हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत बोलले होते, हे इथं नमूद करते.

रविवारी दुपारी आईला धुतलेलं लुगडं नेसवलं, कर्ण्यासमोर पाटावर बसवलं, किल्ली दिली, सुई टेकवली.

"हं, बोल."

आई कर्ण्याकडं बघत राहिली.

"अगं बोल ना!"

"काय बोलू?"

"मुंबईचं सांग."

"कुणाला?"

"या कर्ण्याला."

आईनं वाकून कर्ण्यात डोकावून पाहिलं. "आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

नळकांडं फिरत राहिलं आणि संपलं. पहिल्या नळकांड्यावर माझ्या आईची सुस्पष्ट, दीर्घ शांतता भरली गेली.

दुसरं नळकांडं पावसानं दमट झालंसं वाटलं, म्हणून मी ते सुकायला चुलीशेजारी ठेवलं. उष्णतेनं पदार्थ वितळतात, हा धडा मी त्याच आठवड्यात तिसरीच्या मुलींना शिकवला होता. मेणाचं आधी वेलची केळं झालं, मग पोळी झाली. आईनं चिमट्यानं ती पोळी उचलून पाहिली. "गेली गं तुझी मुंबई वाहून," ती म्हणाली आणि किती तरी दिवसांनी थोडीशी हसली. मलाही जरा धीर आला.

आता एकच नळकांडं राहिलं. आईला बोलायला समोर माणूस हवं, हे मला कळलं होतं. मी चालणार नव्हते. "तुला सगळं ठाऊकच आहे," म्हणून ती मला काही सांगायची नाही. ज्यानं मुंबई पाहिलेली नाही असं माणूस हवं होतं, आणि तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या.

भागामावशी डोंगराकडच्या वाडीतून रोज दूध घालायला यायच्या. वयानं आईच्याच बरोबरीच्या, आवाज मात्र या डोंगरावरून त्या डोंगरावर जाईल असा.

"मावशी, तुम्ही मुंबई पाहिलीय का हो?"

"कुटं वो! मळवलीच्या टेसनाच्या फुडं आमी कंदी गेलोच न्हाई. आगगाडी बगितली लय, बसलो न्हाई."

आईनं मान वर केली. "भागे, आमच्या मुंबईत भर रस्त्यातून रुळावरची गाडी चालायची. आणि ती ओढायला घोडे!"

मी झडप घालून सुई टेकवली.

"घोडं? रुळावर? आन् पाय घसरत न्हाई व्हय त्येंचा?"

"रुळांवर चाकं गं. घोडे मधून चालायचे. आणि ऊन लागू नये म्हणून त्यांच्या डोक्यावर टोप्या असायच्या."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. कोणीही शहाणं माणूस गप्प बसलं असतं.

"घोडे टोप्या घालत नाहीत."

"घालायचे."

"डोळ्यांना लावतात ती झापडं असतील."

"टोप्या गं! कान बाहेर काढायला भोकं ठेवलेली असायची."

"आगं बया!" भागामावशी ओरडल्या. "आमच्या म्हाताऱ्याला जल्मात टोपी न्हाई घावली, आन् घोड्याला!"

"अहो, ओरडू नका! सुई उडेल! आणि 'घावली' नाही, 'मिळाली' म्हणा. तू पुढं सांग, पण नीट सांग. आधी साल सांग."

"साल मला काय ठाऊक? ट्राम नवी नवी निघाली होती. माझं लग्न ठरलं होतं, आणि बाबांनी मला..."

"म्हणजे तुझं वय काय होतं?"

"असेल की. तर बाबांनी मला त्या ट्राममधून..."

"कुठून कुठं, ते आधी सांग! आणि पदराशी चाळा करू नकोस, खरखर येते. ताठ बस. जरा मोठ्यानं!"

नळकांडं संपत आलं होतं. विनूसाठी निरोप राहिलाच होता, म्हणून मी कर्ण्यात तोंड घातलं. "विनू! जेवण वेळेवर घेत जा! उन्हात बोडक्यानं हिंडू नकोस! आणि दोन ओळी लिहायला काय होतं तुला? माणसं वाट बघतात इथं!" मग आईकडं वळले. "हं, लवकर, संपतंय! ट्राममधून काय?"

"बरं बाई," आई म्हणाली, "तूच सांग."

आणि सुई टोकाला पोचली.

उपक्रम उत्तम पार पडला असं माझं मत झालं. थोडेफार व्यत्यय आले, पण आईचा आवाज आला, मुंबई आली, घोडेही आले! मी ते नळकांडं कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात घातलं. मोठी लढाई संपून बोटी पुन्हा सुरळीत चालू झाल्या होत्या. मोंबाशाला निघालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर डबा रवाना केला. यंत्र शेटजींच्या बंगल्यात परत गेलं. आई पुन्हा पायरीवर जाऊन बसली. पाव आपला 'बरा'च राहिला.

पावसाळा सरला. एके दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात चार मुलींची शिकवणी घेत होते. म्हणजे एक मुलगी पाढे म्हणत होती आणि मी बाकीच्या तिघींवर ओरडत होते. "ताठ बस! पदराशी चाळा करू नकोस! मोठ्यानं म्हण!" इतक्यात पुढच्या दारातून कोणी तरी धावत आत आलं. कोट-टोपी घातलेले, उन्हानं रापलेले एक गृहस्थ. ते माझ्यासमोर थांबले, डोळे भरून मला पाहिलं, म्हणाले, "हाच! हाच तो आवाज!" आणि त्यांनी वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मुलींचे पाढे थांबले. मीही थांबले.

"आई," गृहस्थ म्हणाले, "मी मोकाशी. मोंबाशाला विनायकरावांच्या शेजारी राहतो. पुण्याला चाललो होतो, तुमच्या दर्शनासाठी मुद्दाम उतरलो."

आई! मी तेव्हा चाळिशीच्याही आत होते! विनू माझ्याहून फक्त दोन वर्षांनी लहान! (लोणावळ्याच्या दमट हवेत केस लवकर पिकतात, हे खरं. पण इतके?)

"अहो, मी त्याची..."

"काही सांगू नका! तुम्हाला ओळखत नाही का मी? दर रविवारी ऐकतो तुम्हाला!"

मी मुलींना घरी पिटाळलं आणि मोकाश्यांना ओटीवर आणलं. तिथं आई सुपात तांदूळ निवडत, कान मागच्या अंगणाकडं लावून बसली होती. मी तिच्याकडं बोट करून बोलणार, तोच ती अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाली, "बसा हो. आईंना उभं ठेवू नका, त्यांचे गुडघे दुखतात."

मी आईकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत एक लबाड चमक होती. वडील गेल्यापासून मी ती पाहिली नव्हती. ती बघून मी सगळा खुलासा बाजूला ठेवला आणि गुडघा धरून खाली बसले.

मोकाश्यांनी विनूनं दिलेली लवंगांची पुडी माझ्या हाती ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. तिकडं आपली मराठी माणसं मोजकीच. बहुतेक एकटे. रविवारी सगळे जमतात, जेवतात, आणि जेवण झालं की विनायकराव ते नळकांडं लावतात.

"तुम्ही म्हणता ना, 'विनू, जेवण वेळेवर घेत जा! माणसं वाट बघतात इथं!' तिथं कोणी हलत नाही बघा. ज्यांची आई गेली आहे ते म्हणतात, तेवढंच पुन्हा लावा. मेण झिजत चाललंय, आता खरखरच जास्त येते, पण लावतात. विनायकराव तर भिंतीकडं तोंड करून बसतात."

मी पुडीची गाठ सोडून पुन्हा बांधली. विनूनं सगळं ऐकलं, आणि आईचा आवाज म्हणून माझा ऐकला!

"फक्त एक कळत नाही," मोकाशी पुढं म्हणाले. "मधूनमधून एक म्हातारी बोलते. घोड्यांच्या टोप्यांबद्दल काही तरी. तुम्ही तिला लगेच गप्प करता. विनायकराव म्हणाले, घरातली कोणी जुनी बाई असेल कामाला."

सुपात फिरणारा आईचा हात थांबला. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि तिनं मला, मोकाश्यांना आणि मोंबाशालाही पोटात घ्यावं. बारा वर्षं झाली होती विनूला जाऊन.

"ती मीच," आई म्हणाली. आवाज जरासा अडखळला, मग सावरला. "जुनी आहे मी इथं. बोलू देत नाहीत हो मला."

"पण आजी, टोप्या खऱ्याच होत्या!" मोकाशी उत्साहानं म्हणाले. "माझे वडील सांगायचे. आम्ही गिरगावचे."

"गिरगावात कुठं?"

अहाहा! काय तो 'कुठं'! पायरीवर बसून उन्हाळ्यातल्या पाहुण्यांना विचारायची, अगदी तो! मी चटकन तोंड उघडलं. "आई, म्हणजे अहो मोकाशी, खरं म्हणजे..."

"आईसाहेब," माझी आई मला म्हणाली, "तुम्ही आत जाऊन चहा टाका बरं. मधे बोलू नका."

मी गेले. आयुष्यात पहिल्यांदाच गेले. चुलीपाशी बसून दाराआडून ऐकत राहिले, आणि आई सांगत राहिली. दिवे लावणारा माणूस खांद्यावर शिडी घेऊन कसा यायचा, त्याच्यामागं पोरं कशी धावायची, शेजारची कोणती मुलगी कुठं दिली. मोकाशी अधूनमधून "अस्सं!" एवढंच म्हणत होते. इतकं सोपं होतं ते! आणि मग ट्राम आली.

"लग्न ठरलं तसं बाबा म्हणाले, चल, तुला ट्राममधून फिरवून आणतो. पायधुणीपासून कुलाब्यापर्यंत. शेवटी खाली उतरलो. समोर सगळा समुद्र. बाबा म्हणाले, लोणावळ्याला समुद्र नाही बरं का, पोरी, नीट बघून घे. आणि मी काय केलं माहीत आहे? मी वळून घोड्यांच्या टोप्याच बघत राहिले! एका घोड्याची टोपी वाकडी झाली होती, तो मान हलवून ती नीट करत होता. मला इतकं हसू आलं! बाबा पुन्हा म्हणाले, अगं समुद्र बघ. मी म्हटलं, बघते हो. तेवढ्यात परत जायची वेळ झाली. मग इकडंच आले. बाबाही फार दिवस राहिले नाहीत."

चहाला उकळी फुटली होती. मी तो गाळायचं विसरले. इतक्या वर्षांत मी ही आठवण एकदाही शेवटपर्यंत ऐकली नव्हती, आणि यंत्र कधीच परत गेलं होतं.

तेवढ्यात पुढच्या दारी बांगड्या वाजल्या.

"आक्का, दूध!" भागामावशी आईकडं बघून गरजल्या. "आन् ह्ये कोन पावनं? तुमच्या इनूकडनं आलं व्हय? कसा हाय वो आक्कांचा ल्योक?"

मोकाश्यांनी भागामावशींकडं पाहिलं. मग आईकडं. मग चहाची भांडी घेऊन बाहेर आलेल्या माझ्याकडं. उन्हानं रापलेला माणूसही पांढराफटक पडू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"म्हणजे... आई... तुम्ही?"

"मी," आई म्हणाली. "ही सुभद्रा. थोरली माझी."

मोकाशी धडपडत उठले, आईच्या पाया पडले, सुपातले तांदूळ ओटीभर सांडले. "माफ करा! मघाशी मी यांना नमस्कार केला, तो..."

"असू दे," आई म्हणाली. "तिला तरी कोण करतंय नमस्कार?"

भागामावशींना सगळा प्रकार सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की दुधाची चरवी खाली ठेवावी लागली. "मास्तरीणबाई म्हातारी! आन् आक्का मोलकरीण! आन् मी? माजं काय म्हनत्यात तिकडं?" मोकाश्यांनी खाली मान घालून सांगितलं की तो ओरडण्याचा आवाज सगळ्यांना पुरुषाचा वाटला होता. मग मावशी हसायच्या थांबल्या.

संध्याकाळच्या गाडीला निघताना आईनं मोकाश्यांना दारात थांबवलं. "विनूला यातलं काही सांगू नका," ती म्हणाली. "रविवारी लावतो ते लावू दे."

गाडी गेल्याचा आवाज आला. बंगल्यांच्या ओळीत पुन्हा कुलपं आणि आम्ही. ओटीवर सांडलेले तांदूळ आम्ही दोघी वेचत बसलो. मला राहवेना.

"आई, मी कळवते त्याला. आवाज तुझा नाही म्हणून. असा कसा विसरला तो?"

"विसरला नाही," आई म्हणाली. ती माझ्याकडं बघत नव्हती, दाणे वेचत होती. "तो लहान होता तेव्हा मी अश्शीच बोलायचे. ताठ बस, वेळेवर जेव, उन्हात जाऊ नको. अगदी हाच आवाज. माझा म्हातारा झाला, त्याला कोण काय करणार? त्याला आठवतो तो आवाज आता तुझ्याकडं आहे."

मी हातातले दाणे सुपात टाकले. पण मी मास्तरीण! चुकीचं विधान तसंच सोडून देणं मला शक्यच नव्हतं. मी मुळीच तशी बोलत नाही, हे मी आईला तीन मुद्द्यांत, उदाहरणं देऊन, मोठ्यानं समजावून सांगितलं. तिसऱ्या मुद्द्याला पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून झोपली होती.